नळाची पाळी आणि तापाची यादी

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या बोदवड तालुक्यात उघड्यावर पाणी शोधूनही सापडत नाही. नाले कोरडे, शेततळ्यांच्या तळाला भेगा, हातपंपाचा दांडा कितीही हलवला तरी आतून नुसता खडखडाट. पारा ४५ अंशांच्या आसपास. अशा दिवसांत डास येणार कुठून, असं कुणालाही वाटेल. तालुक्यातल्या एका उपकेंद्रात काम करणारा आरोग्यसेवक मात्र याच दिवसांत हातात बॅटरी घेऊन घरोघर फिरतो आणि त्याच्या वहीतली अळ्यांची नोंद थांबत नाही. अळ्या बाहेर नसतात, घरात असतात. निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये, सिमेंटच्या टाकीत, मोरीच्या कोपऱ्यातल्या रांजणात. बॅटरीचा झोत पाण्यावर पडला की त्या वळवळत खाली जातात.

गाव त्याला ‘मलेरियावाले भाऊ’ म्हणून ओळखतं. कामाची यादी लांब आहे: तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेणं, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवणं, नळाच्या पाण्यात क्लोरीन उतरलंय का ते पाहणं, साथ आली की रात्री-अपरात्री पळणं, आणि हे अळ्यांचं कंटेनर सर्वेक्षण. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या हा एक निर्देशांक, शंभर घरांमागे अशी किती भांडी सापडली हा दुसरा. आकडे वर जातात, तिथून पुढे आणखी वर जातात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यानंही तेवढंच केलं. मग एका उन्हाळ्यात त्याने तापाच्या रजिस्टरात, तारखेच्या शेजारी, त्या गल्लीत नळ कधी आला होता हे पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. असा रकाना छापील नमुन्यात नाही. पण या लेखाचा विषय तोच रकाना आहे.

तो समजायला बोदवडची जमीन समजून घ्यावी लागते. मध्य रेल्वेच्या भुसावळ–अकोला मार्गावरचं हे गाव १९९९ मध्ये स्वतंत्र तालुक्याचं ठिकाण झालं. उत्तरेला तापी आणि पूर्णा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, आणि मधल्या उताराच्या पट्ट्यात बोदवड, नाडगाव, जामठी, शेलवड, मनूर अशी गावं. तापीपलीकडच्या रावेर-यावलमध्ये खोल गाळाची जमीन आहे. बोदवडच्या काळ्या मातीखाली मात्र थोड्याच अंतरावर बेसॉल्टचा कातळ लागतो. या कातळात पाणी राहतं ते भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाच्या थरात, आणि ती जागा फार थोडी. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बहुतेक चार महिन्यांत. दिवाळीला विहिरी भरलेल्या दिसतात, संक्रांतीनंतर पाणी खाली जायला लागतं आणि होळीच्या सुमाराला पोहरा तळाला टेकतो. उरलेले महिने गाव लांबून आणलेल्या पाण्यावर काढतं.

ते लांबचं पाणी म्हणजे नदीतून उपसून, मोठ्या जलवाहिनीतून गावोगावच्या जलकुंभांत सोडलेलं पाणी. १९९० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या परदेशी विकास मदत खात्याच्या (ओडीए) पैशातून नाशिक, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत ग्रामीण पाणीपुरवठ्याची कामं झाली. बोदवड भागातली योजना आजही लोकांच्या तोंडी ‘ओडीए’च आहे. त्या मदत खात्याचं नाव लंडनमध्ये १९९७ मध्येच बदललं, इथल्या बायका मात्र अजून विचारतात, ‘ओडीएचं पानी सुटलं का?’ ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरशिवाय इलाज नव्हता तिथे नळ पोचला, ही मोठी गोष्ट होती आणि आहे.

पण अशा प्रादेशिक योजनेचं पाणी चढावर न्यायला वीज लागते. नदीकाठच्या जॅकवेलपासून शेवटच्या गावापर्यंत मैलोन्‌मैल पाइप, शेकडो व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी बिघडण्याची शक्यता. डीपी जळाली, मोटर गेली, पाइप फुटला, ग्रामपंचायतींची पाणीपट्टी थकली म्हणून वीजबिल थकलं. कारण कोणतंही असो, परिणाम एकच, पाळी लांबते. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रादेशिक योजनांची हीच कहाणी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठेवलं. बोदवड परिसरात मात्र नळ रोज यावा अशी अपेक्षा करायचीच लोकांनी सोडून दिली आहे. आठ-दहा दिवसांआड आला तरी ठीक, आणि उन्हाळ्यात त्याहून लांबला तरी नवल नाही.

आता डासाचं वेळापत्रक पाहा. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती जातीची मादी स्वच्छ, साठवलेल्या पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीवर अंडी घालते. अंड्यापासून पूर्ण डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. पाणी आटलं तरी ती अंडी भिंतीला चिकटून कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. हा डास फार लांब उडत नाही. ज्या घरात जन्मला त्याच्या आसपासच्या घरांतच चावतो, आणि दिवसा चावतो. म्हणूनच ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा’ हा आरोग्य खात्याचा संदेश. शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर. ज्या शहरात रोज नळ येतो तिथे तो पाळताही येतो.

बोदवडमध्ये नळाची पाळी आणि डासाची वाढ यांचं गणित जवळजवळ जुळलेलं आहे. नळ आला की घरात असेल नसेल तेवढं भांडं भरायचं आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं. डासाला लागतात तेवढे दिवस घरातच, सावलीत, थंड पाणी तयार. पाणीटंचाई जेवढी मोठी तेवढा डासांना आसरा मोठा. दुष्काळी गावात डेंग्यू का, या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं.

एका घरी त्याने नेहमीप्रमाणे ड्रम ओता म्हणून सांगितलं, तेव्हा घरातली बाई ड्रमसमोर उभी राहिली. ‘भाऊ, नय दहा दिसांनी येतो. हे पानी फेकलं तं लेकरायले काय पाजू?’ त्या बाईकडे बचतगटाची पासबुकं होती, मुलगी बारावीला होती. आरोग्याचं तिला कळत नव्हतं असं म्हणायला जागाच नव्हती. तिने डोक्यात हिशोब केला होता: डेंग्यू होईल किंवा होणार नाही, तहान मात्र आजच लागणार आहे. तो हिशोब चुकीचा ठरवता येत नाही. खात्याच्या भित्तिपत्रकात या बाईसाठी एकही ओळ नसते. ज्या संदेशात पाण्याची अडचण गृहीत धरलेली नाही, तो संदेश टंचाईच्या गावात पोचणार नाही, आणि न पाळल्याचा दोष बायकांच्या माथी मारणं अन्याय आहे.

तिथून त्याने पद्धत बदलली. आशाताई, अंगणवाडीताई आणि गावातला व्हॉल्व्हमन यांना बरोबर घेऊन कोरडा दिवस ठराविक वारी न ठेवता नळाच्या पाळीला जोडला. नळ येणार त्या दिवशी सकाळी ड्रममध्ये सगळ्यात कमी पाणी असतं. तेवढं पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यायचं, ड्रम आतून काथ्याने घासायचा, कडेला चिकटलेली अंडी निघेपर्यंत, मग उन्हात पालथा घालायचा आणि नळ आला की भरायचा. तोंडाला जुन्या साडीचं दुहेरी कापड दोरीने घट्ट बांधायचं. पाळी आठवड्यापलीकडे गेली तर मधे एकदा पाणी गाळून घ्यायचं. थेंबही फेकायचा नाही. सिमेंटच्या मोठ्या टाक्या रिकाम्या होत नाहीत, तिथे अळ्या खाणारे गप्पी मासे. पिण्याच्या पाण्यात मासे सोडायला बायका नाही म्हणतात, म्हणून ते वापराच्या टाकीतच. अॅबेट नावाचं अळीनाशक घातलं की पाण्याला वास येतो अशी तक्रार असते, म्हणून तेही वापराच्याच पाण्यात. पाणी फेकावं लागत नाही म्हटल्यावर दारं उघडायला लागली. ड्रममधल्या अळ्या कमी झाल्या, पण पाळी अचानक लांबली की पुन्हा वाढल्या. त्याच्या पेन्सिलीच्या रकान्यात हा चढ-उतार दिसतो.

पाळीचा दुसरा परिणाम पाइपाच्या आत घडतो. नळाला चोवीस तास पाणी असेल तर पाइपात दाब असतो आणि गळती झाली तरी पाणी बाहेर जातं. पाळीच्या पाण्यात मात्र दिवसचे दिवस पाइप रिकामा पडतो, आत पोकळी तयार होते आणि जिथे जोड सैल आहे तिथून बाहेरचा ओलावा आत खेचला जातो. गटाराच्या कडेने गेलेला पाइप आणि चिखलाने भरलेला व्हॉल्व्हचा खड्डा ही या कामातली नेहमीची दृश्यं. पहिली काही मिनिटं नळाला जे गढूळ पाणी येतं ते त्या खेचलेल्या घाणीचंच असतं, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून तेही हंड्यात भरलं जातं. जुलाबाच्या रुग्णांची गर्दी पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यांत होते हे सगळ्यांना माहीत असतं. लांबलेल्या पाळीनंतरच्या दोन-तीन दिवसांतही जुलाबाचे रुग्ण वाढतात, हे त्याला रजिस्टरामुळे कळलं.

यावर औषध म्हणजे टीसीएल, ब्लिचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती जलकुंभात टाकतो आणि आरोग्यसेवक शेवटच्या नळाचं पाणी नळीत घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब घालतो. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचलं. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावं, पावडरीत किमान २० टक्के, अशी अट. खानदेशातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं पोतं आठवड्यांतच दम गमावतं, याचा कुणी फारसा विचार करत नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रत्येक स्रोताची स्वच्छता तपासून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. महाराष्ट्रातली ही पद्धत चांगली आहे. लाल कार्ड मिळालं की सरपंच अस्वस्थ होतो, निदान बैठक तरी होते.

नळाने दगा दिला की लोक बोअरकडे वळतात. इथे विकासाची दुसरी गुंतागुंत पुढे येते. उघड्यावर शौच बंद व्हावं म्हणून घरोघर शौचालयं झाली; बायकांची अंधारातली पायपीट थांबली, हे फार मोलाचं काम. पण दाटीच्या वस्तीत शोषखड्डा आणि बोअर यांच्यात काही पावलांचंच अंतर उरलं. वर काळी माती, खाली भेगाळलेला कातळ: खड्ड्यातलं पाणी गाळणीशिवाय भेगांतून वाहत जातं. शेतातला युरिया त्यात भर घालतो. पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असं भारतीय मानक सांगतं. तान्ह्या बाळाला पावडरीचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. ब्लिचिंग टाकून किंवा उकळून नायट्रेट जात नाही. नमुना नापास आला की आरोग्यसेवक बोअरवर ‘पिण्यास अयोग्य’ असं रंगवतो. पण शेजारी दुसरं पाणी नसेल तर त्या पाटीचा उपयोग किती?

ऑगस्टपासून तापाच्या यादीच्या जोडीला दुसरी यादी सुरू होते. हा कपाशीचा मुलूख. बीटी कपाशी देशात २००२ मध्ये आली तेव्हा बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी होतील असं सांगितलं गेलं, आणि काही वर्षं झाल्याही. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या वाणांना दाद दिली नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्रभर तिचा उद्रेक झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती बातमी देशभर गेली. बोदवडसारख्या तालुक्यात ती बातमी होण्याआधीही शिवारात दिसत होतीच: डोक्याएवढ्या उंच वाढलेल्या कपाशीत पाठीवरचा पंप घेऊन शिरलेला मजूर, अंगावर फक्त बनियन, वाऱ्याने उलट येणारा फवारा.

सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकांनी चेतासंस्थेतलं एक विकर बंद पडतं. घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास अडकतो. वेळेत अॅट्रोपिन मिळालं तर माणूस वाचतो. आरोग्यसेवक गावात हातमोजे, मास्क, वाऱ्याच्या दिशेने फवारा असं सगळं सांगतो. मजूर ऐकून घेतो आणि विचारतो की या उन्हात ते अंगावर घेऊन किती तास चालायचं. शिवाय फवारणीनंतर अंघोळ करायला पाणी लागतं, कपडे वेगळे धुवायला पाणी लागतं. औषध कालवलं जातं ते बहुधा विहिरीच्या काठावर, पाणी तिथेच असतं म्हणून. आणि औषधाचा रिकामा कॅन धुऊन पाणी भरायला वापरला जातो, कारण भांडी कमी पडतात. पुन्हा तीच पाळी.

बायकांच्या दुखण्यांची यादी याहून उशिरा कळली, कारण ती त्याला कुणी सांगितली नसती, आशाताईंनी सांगितली. निंदणीला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बायका दिवसभर पाणी कमी पितात. शेतात आडोसा नसतो, म्हणून लघवीला जायची वेळच येऊ नये ही काळजी. घरचं पाणी मोजकं, शेतावर नेलेली बाटली तापलेली. लघवीची जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप, आणि ते महिनोन्‌महिने अंगावर काढणं. संध्याकाळी घरी येऊन चूल. गॅसची शेगडी कोपऱ्यात असते, उज्ज्वला योजनेने २०१६ पासून ती घरोघर पोचवली, पण सिलिंडर भरायला रोख लागते आणि शेतात कपाशीची वाळकी पऱ्हाटी फुकट. उन्हाळ्यात पऱ्हाटीचे भारे प्रत्येक अंगणात रचलेले दिसतात. झाडं उरली नाहीत म्हणून पऱ्हाटी जळते, पऱ्हाटी जळते म्हणून शेताला कुजायला काही परत जात नाही, माती पाणी धरेनाशी होते, आणि धुरात बसलेली गरोदर बाई कमी वजनाच्या बाळाची धास्ती घेऊन वावरते. ‘तिचा खोकला फुप्फुसांचा आहे की शिवाराचा?’ असं एकदा त्याने बैठकीत विचारलं होतं. प्रश्न थोडा नाट्यमय वाटला असेल, पण तो त्याने मनापासून विचारला होता.

हे सगळं आपल्याकडे आधी कुणी पाहिलं नाही असं नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आलं तेव्हा दोघांकडे वेल्लोरचं वैद्यकीय शिक्षण होतं आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये केलेला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास. गावकऱ्यांशी बोलल्यावर त्यांना कळलं की लोकांची पहिली गरज दवाखाना नाही. अन्न आणि पाणी आहे. दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. मग आरोग्य प्रकल्पाने बोअर खोदून हातपंप बसवले, बंधाऱ्यांची आणि झाडं लावण्याची कामं हाती घेतली. हातपंपाची जागा ठरवताना ती दलित वस्तीत ठेवली, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागलं. भूजल शोधणाऱ्या तंत्रज्ञाने तिथेच पाणी आहे असं सांगितलं की गाव वाद घालत नसे. गावातल्या निरक्षर, अनेकदा परित्यक्ता किंवा विधवा असलेल्या बायकांना ग्रामआरोग्य सेविका म्हणून शिकवलं. त्या बाळंतपण करायला शिकल्या, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी द्यायला शिकल्या, आणि ग्रामसभेत बोलायलाही शिकल्या. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्य सेवेची जी व्याख्या जगापुढे ठेवली, त्यात अन्न, सुरक्षित पाणी आणि स्वच्छता हे आरोग्यसेवेचेच भाग मानले गेले. जामखेडला ते आधीच चालू होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये देशभर आलेल्या आशा कार्यकर्तीच्या कल्पनेमागे जामखेडचाही मोठा आधार आहे. फरक एवढाच की जामखेडची सेविका पाणलोटाच्या कामातही होती. आपल्या आशाताईच्या मोबदल्याच्या यादीत लसीकरण आहे, बाळंतपण आहे, पाणलोट नाही.

जामखेड लांबचं वाटत असेल तर खानदेशातच पाहावं. धुळे तालुक्यातल्या लामकानीत या शतकाच्या सुरुवातीपासून धुळ्याचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. धनंजय नेवाडकर गावकऱ्यांबरोबर काम करत आले. रोज रक्त-लघवीचे नमुने तपासणाऱ्या माणसाने उजाड टेकड्यांकडे वळावं, ही गोष्ट बोदवडच्या आरोग्यसेवकाला फार जवळची वाटते. लामकानीने टेकड्यांवर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, चर खोदले, आणि गवताला वाढू दिलं. गवत आलं तसं पाणी जमिनीत मुरायला लागलं, चारा मिळाला, दुभती जनावरं टिकली. दूध गावात राहिलं तर ते मुलांच्या पोटात जायची शक्यता वाढते; कुपोषणाची नोंद करणाऱ्या माणसाला या साखळीची किंमत कळते.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने त्या आदिवासी पाड्याने ४०० हेक्टरांहून अधिक जंगल राखलं, तोडीला दंड ठरवला, आणि एके काळी पाण्यासाठी वणवण करणारं गाव शेजाऱ्यांना पाणी देण्याइतकं सावरलं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे दरवर्षी रानभाज्यांची स्पर्धा भरते. बायका जंगलातून आणलेल्या डझनावारी भाज्या रांधून मांडतात, आणि त्यातली प्रत्येक भाजी म्हणजे लोह, जीवनसत्त्व आणि पावसाळ्यातला आधार असतो. गोळ्या वाटून रक्तक्षय कमी करायचा कार्यक्रम आवश्यकच आहे. पण ज्या गावाला शेवळी, कोरळ, तरोटा अजून ओळखता येतात, तिथे गोळीला जोड मिळते. बोदवडच्या बांधांवरून तणनाशकांनी अशा भाज्या हटवल्या. म्हाताऱ्या बायका अजून नावं सांगतात.

बोदवडला बारीपाड्यासारखं जंगल नाही, आणि लामकानीच्या टेकड्याही नाहीत. इथे आशा मोठ्या कालव्यांची आहे. पूर्णा-तापीच्या पुराचं पाणी उपसून बोदवड, मुक्ताईनगर, जामनेर आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्यांना देणारी बोदवड परिसर सिंचन योजना कित्येक वर्षं उभी राहते आहे. पाणी यावंच, या पट्ट्याने फार वाट पाहिली आहे. पण पाणी आलं की आरोग्याचा प्रश्न आपोआप सुटेल असं मानणं धोक्याचं आहे. तापीकाठी १९८२ मध्ये झालेल्या हतनूर धरणात गाळ साठत गेला. पाणी मुबलक वाटणाऱ्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात उपसा इतका झाला की विहिरींची पातळी खोल गेली. कालव्याच्या पाझराने साचलेल्या डबक्यांत मलेरियाचा डास वाढतो, हे सिंचनाचा जुना इतिहास सांगतो. आज ड्रममधला डास आहे, उद्या चारीतला असेल. आरोग्य खात्याला योजना पूर्ण झाल्यावर बोलावू नये, आखणीच्या टेबलावरच बसवावं. लेखकाला ही मागणी अवाजवी वाटत नाही.

तोवर आरोग्यसेवकाच्या हातात जे आहे ते गावपातळीवरचं. प्रत्येक महसुली गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता अशी एकच ग्राम समिती असते. नावातच चारही विषय एकत्र आहेत. तिला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी मिळतो. बहुतेक ठिकाणी तो वजनकाटा, फिनेल, फलक यांत संपतो. त्याच्या गावांत गेल्या काही बैठकांत वेगळे विषय निघाले. टीसीएलचं पोतं पत्र्याच्या खोलीतून काढून शाळेच्या जाड भिंतीच्या कोठीत हलवायचं. सार्वजनिक विहिरीच्या काठावर औषध कालवायला बंदी, आणि त्यासाठी शिवारात वेगळी टाकी. शाळेच्या छपराचं पावसाचं पाणी जुन्या, गाळ काढलेल्या विहिरीत सोडायचं. व्हॉल्व्हच्या खड्ड्यांना झाकणं. एका सरपंचाने हरकत घेतली की हे पाणीपुरवठ्याचं काम आहे, आरोग्याचं नाही. अंगणवाडीताईने उठून त्या महिन्यातल्या जुलाबाच्या मुलांची नावं गल्लीवार वाचून दाखवली, आणि त्या गल्लीतल्या फुटक्या व्हॉल्व्हचा फोटो मोबाइलवर पुढे केला. झाकणांचा ठराव त्याच बैठकीत झाला.

सगळे ठराव झाले असं नाही. फवारणीच्या टाकीला जागा द्यायला कुणी तयार नाही. पाणीपट्टी नियमित भरायचा विषय निघाला की अर्धी बैठक उठून जाते. पण आधी पाणी द्या, मग पट्टी मागा, हे म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे, आणि ती ऐकूनच पुढे जावं लागेल. शेवटच्या बैठकीत एक साधा खर्च मंजूर झाला: व्हॉल्व्हमनच्या मोबाइलचा महिन्याचा रिचार्ज समितीने करायचा. पाळी बदलली किंवा लांबली की त्याने त्याच दिवशी आशाताईला फोन करायचा, आणि आशाताईने त्या गल्लीतली घरं सगळ्यात आधी घ्यायची.